इंग्रजीतला ळ

मी काय काम करत होते, हे नागपुरात महाल भागातल्या आमच्या गल्लीत शेवटपर्यंत कुणाला नीट समजलं नाही. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते तोवर ठीक होतं. निवृत्त झाल्यावर रोज दुपारी एक गाडी येऊन मला घेऊन जाऊ लागली, आणि मी कुठल्याशा कंपनीत पोरांना 'आवाज' शिकवते अशी बातमी पसरली, तेव्हा समोरच्या शांताकाकूंनी मला दारातच गाठलं.

"काय वं, तू लोकायचे घसे पाहतं म्हणे? माह्या नातवाले आणू काय? त्याच्या टॉन्सिल वाढल्या."

मी त्यांना समजावून सांगितलं. विलायतेतल्या एका कंपनीची कपडे धुण्याची यंत्रं आणि फ्रिज तिकडे घरोघरी असतात. ते बिघडले की तिथली माणसं फोन करतात आणि तो फोन नागपुरात वाजतो. हेडफोन लावून बसलेला आपला मुलगा किंवा मुलगी तो घेते, तक्रार ऐकते, कॉम्प्युटरवर नोंदवते आणि मिस्त्री कधी येईल ते सांगते. काटोलच्या मुलाचं बोलणं तिकडच्या आजीबाईंना कळायला हवं आणि आजीबाईंचं काटोलच्या मुलाला. ते कळेल इतपत त्या मुलांचे उच्चार वळवून देणं हे माझं काम. त्याला 'व्हॉइस ट्रेनर' म्हणतात. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि टॉन्सिलवर गरम पाणी चालेल का, असं विचारलं.

ही नोकरी मला मृणालने दिली. ती माझी शाळेतली विद्यार्थिनी. आता त्या कंपनीत मॅनेजर झाली होती. बाहेरून बोलावलेले दोन ट्रेनर नागपूरच्या उन्हाळ्याला कंटाळून निघून गेल्यावर तिला माझी आठवण झाली. फोनवर ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही आम्हाला एका स्पेलिंगसाठी वर्गाबाहेर उभं करायच्या ना, तेच करायचंय. फक्त बाहेर उभं नाही करायचं."

माझी ती ख्याती खरीच होती. इंग्रजी शब्द चुकीचा दिसला की मला पुढे जाता येत नाही. घरचे लोक माझ्यासोबत गांधीबागेत कापड घ्यायला येत नसत, कारण मी दुकानांच्या पाट्या वाचत चालते. एका दुकानावर 'लेडीज' या शब्दाचं स्पेलिंग शेवटी 'वाय' आणि 'एस' लावून रंगवलेलं होतं. मी आत जाऊन मालकांना सांगितलं. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाईक भाव वाचते, स्पेलिंग नाही वाचत." पुढच्या दिवाळीला गेले तर पाटी नवी होती, रंग ताजा होता आणि 'वाय' जागच्या जागी होता. साडी मात्र मी तिथूनच घेतली. कापड चांगलं होतं.

नागपूरच्या इंग्रजीची काही दुखणी ठरलेली असतात. हिंदी उशाशी असल्यामुळे आपल्याकडे 'ऑ'चा 'आ' होतो. कॉफीची काफी, हॉलचा हाल, डॉक्टरचा डाक्टर. दुसरं दुखणं 'व'चं. आपल्याला एकच 'व' पुरतो. इंग्रजीला दोन लागतात. एकात वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, दुसऱ्यात ओठांचा चंबू करायचा. मी सगळ्या वर्गाच्या हातात छोटे आरसे द्यायची आणि वीस-पंचवीस मुलं आरशात बघून दात-चंबू, दात-चंबू करत बसायची. दाराच्या काचेतून आमचा वॉचमन हे बघायचा. त्याने एकदा माझ्या ड्रायव्हरला विचारलं, मॅडम यायले कायची ट्रेनिंग देऊन राहिल्या?

वापरातल्या गमती वेगळ्या. गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या घरचा एक मुलगा गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत होता, पण तो तिकडच्या साहेबांनाही 'येस सरजी' म्हणायचा आणि वर 'आपलं गुड नेम' विचारायचा. एक म्हातारी बाई त्याला म्हणाली, माझं एकच नाव आहे, ते चांगलंच आहे असं आई म्हणायची. उमरेडची एक मुलगी 'मी बघून राहिली' याचं भाषांतर करताना 'मी पाहते आणि राहते' असं सांगायची. पलीकडचा माणूस विचारात पडायचा की ही बाई नक्की कुठे राहणार आहे. या पोरांना शिकवण्यात माझे दिवस मजेत जात होते. तेव्हाच एका बॅचला देविदास ढवळे आले.

बाकी सगळे विशी-बाविशीतले आणि हे चांगले पंचेचाळिशीचे. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, राहायला नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात. कोरलेली मिशी, इस्त्रीचा शर्ट, पाठ खुर्चीला न टेकवता बसलेले. मी मराठीत ओळख विचारली तेव्हा उभे राहून म्हणाले, "मी देविदास ढवये, मॅडम."

यात नवल नव्हतं. आपल्याकडे खेड्यातल्या बोलीत 'ळ' नाहीच. शाळेची शाया होते आणि डोळ्याचा डोया. मग मी म्हटलं, आता इंग्रजीत सांगा. ढवळ्यांनी अस्खलित सुरुवात केली. एक वाक्य अडखळत नव्हतं, व्याकरणाची एक चूक नव्हती. पण ते जे बोलत होते ते मी नागपुरात कधी ऐकलं नव्हतं. बारावीनंतर कोळेज करता आलं नाही, म्हणाले. सैन्यात आधी टेबिळवर बसायचं काम मिळालं, मग वायरलेसचं. 'एम' या अक्षराला ते 'येम' म्हणत आणि 'झीरो'ला 'सीरो'. टेबलचं टेबिळ, डबलचं डबिळ, सिंपलचं सिंबिळ. शब्दाशब्दाला ठसठशीत, भरभक्कम 'ळ'.

मी त्यांना थांबवून पुन्हा मराठीत 'शाळा' म्हणायला सांगितलं. ते म्हणाले, शाया. मग इंग्रजीत 'कॉलेज' म्हणायला सांगितलं. ते म्हणाले, कोळेज. ज्या माणसाला स्वतःच्या आडनावात 'ळ' म्हणता येत नाही, तो इंग्रजीत, जिथे 'ळ' नाहीच, तिथे दणादण वापरत होता. मला हसू आवरेना. वर्गही हसला. ढवळे हसले नाहीत. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी त्यांना विचारलं, इंग्रजी कुणी शिकवलं. त्यांनी सांगितलं, वर्गीस साहेबांनी. केरळातल्या कोट्टायमचे. ढवळे वायरलेसवर नवीन होते तेव्हा वर्गीस त्यांचे वरिष्ठ होते. बर्फातल्या एका ठाण्यावर दोघं सोबत होते, दिवस मावळला की करायला काही नसायचं, म्हणून साहेबांनी या पोराला इंग्रजी शिकवायला घेतलं. वाक्य चुकलं की पुन्हा, पुन्हा चुकलं की पुन्हा. म्हणजे हे वऱ्हाडातले ढवळे आणि यांचं इंग्रजी थेट कोट्टायमचं.

ते शिकण्यात हुशार होते, पण सोपे नव्हते. शब्दांच्या बाबतीत ते माझ्याइतकेच हट्टी निघाले. गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू आलं नाही तर 'कृपया रिपीट करा' असं म्हणायला मी शिकवत असे. ढवळे उभे राहिले. म्हणाले, 'रिपीट' हा शब्द वायरलेसवर तोंडातून काढायचा नाही. तोफखान्याशी बोलताना त्याचा अर्थ होतो, पुन्हा गोळे टाका. 'से अगेन' म्हणायचं. मी म्हटलं, इथे कपडे धुण्याचं यंत्र बिघडलं आहे, तोफा नाहीत. ते म्हणाले, सवय एकदा बिघडली की बिघडली, मॅडम. शेजारच्या मुलाने 'रिपीट' म्हटलं तर ते त्यालाही टोकायचे. सरावाच्या एका फोनमध्ये तर वाक्य संपल्यावर त्यांनी सवयीने, 'आता तुम्ही बोला' अशा अर्थाने, 'ओव्हर' म्हटलं आणि समोर गिऱ्हाईक बनून बसलेल्या उमरेडच्या मुलीने फोन संपला समजून ठेवून दिला.

मृणालने मला केबिनमध्ये बोलावलं. ट्रेनिंगच्या शेवटी विलायतेहून हेलन नावाच्या बाई सगळ्यांचे सरावाचे फोन ऐकून गुण देत. त्यात नापास झालेल्याला नोकरी नसायची. मृणाल म्हणाली, "मॅडम, ढवळे काकांचं काही होणार नाही. त्या बाईंना त्यातलं अर्धंही कळणार नाही. आताच सांगून टाकू का त्यांना?" मी म्हटलं, थोडा वेळ दे. ढवळ्यांना पेन्शन होतं, खायची भ्रांत नव्हती. पण वाडीत त्यांच्या खोलीभोवती ट्रान्सपोर्टची गोदामं, आणि निवृत्त फौजी दिसला की लोक एकच काम देतात, गेटवर उभं राहायचं. दोन गोदामवाल्यांनी त्यांना तसं विचारलंही होतं. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "आयुष्यभर बोलाचं काम केलं जी मी. आता गेटवर मुक्याने उभं राहवत नाही."

मी त्यांना वर्ग सुटल्यावर थांबवून घेऊ लागले. जिभेचं टोक कुठे लागतं ते दाखवलं, आरसा दिला. काही फरक पडेना. शेवटी मी त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. माझा अनुभव असा की स्वतःचा आवाज ऐकला की माणूस ओशाळतो आणि मग सुधारतो. ढवळे ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. हेडफोन काढून त्यांनी टेबलावर अलगद ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "हा मी नाही. हे तर वर्गीस साहेब बोलून राहिले."

मग ते मला म्हणाले की हे बदलायचं नाही. नोकरी नाही मिळाली तरी चालेल. आवाजात मुळीच राग नव्हता; मला समजावल्यासारखं सांगत होते. साहेबांनी एवढ्या मेहनतीने दिलेली वस्तू, ती आता बरोबर नाही म्हणून टाकून द्यायची, हे काही त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

त्या रात्री घरी मी विचार करत होते आणि दुसऱ्या दिवशी ढवळ्यांकडे वर्गीस साहेबांचा नंबर मागितला. दर रविवारी त्यांचं बोलणं व्हायचं, हे मला माहीत होतं. त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला आणि स्वतः दूर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पलीकडून मोठ्ठा आवाज आला. मी माझी ओळख करून दिली, ढवळे किती चांगले विद्यार्थी आहेत ते सांगितलं, आणि मग अडलेली गोष्ट सांगायला लागले. पण ती सांगणार कशी? साहेबांनी विचारलं, त्याच्या इंग्रजीत काय वाईट आहे? आणि हे विचारताना ते नेमके तसेच बोलत होते. मी कशीबशी म्हणाले की वाईट काही नाही, फक्त विलायतेतल्या लोकांच्या कानाला सवय नाही. साहेब इतके हसले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. हसणं ओसरल्यावर म्हणाले, त्याला द्या.

ढवळे फोन कानाला लावून ताठ उभे राहिले. मला फक्त त्यांची बाजू ऐकू आली. यस साब. यस साब. नो साब. यस साब. फोन बंद करून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "ऑर्डर झाली, मॅडम. साहेब म्हणते, आता इन्स्ट्रक्टर तुम्ही. शिकवा."

त्यानंतर जे झालं ते मी दुसऱ्या कुठल्या विद्यार्थ्यात पाहिलं नाही. मी बोलायचं आणि ढवळ्यांनी डोळे मिटून ऐकायचं, मग तसंच म्हणायचं. ऐकण्याचा त्यांचा कान विलक्षण होता. आठवड्याभरात 'ळ' गेला, 'सीरो' गेला. 'रिपीट' मात्र त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं नाही, आणि मीही 'से अगेन'च्या आधी एक 'प्लीज' लावून घेऊन तह केला.

हेलनबाईंची चाचणी झाली. दुसऱ्या दिवशी मृणालने निकाल वाचून दाखवायला सगळ्यांना बसवलं. ढवळ्यांच्या नावापुढे लिहिलं होतं की प्रत्येक शब्द स्वच्छ कळला, उत्तम गुण. आणि खाली एक प्रश्न होता: हे गृहस्थ एखाद्या जुन्या काळातल्या मुख्याध्यापिकेसारखे का बोलतात?

वर्ग खो-खो हसत सुटला. मृणालने हसू दाबण्याचा प्रयत्न केला आणि तिला तो जमला नाही. मी म्हटलं, बघू, ते रेकॉर्डिंग लावा. आणि मग मी ऐकलं. ढवळ्यांच्या भारदस्त आवाजात माझंच बोलणं होतं. शब्दाच्या शेवटी आवाज किंचित वर नेणं, 'नाऊ देन', म्हणजे 'हं, तर मग', म्हणून सुरुवात करणं, गिऱ्हाईक मधे बोललं की अर्धा क्षण थांबून त्याला लाज वाटू देणं. यंत्राचं दार नीट लावलं होतं का, हे त्यांनी ज्या सुरात विचारलं होतं, त्या सुरात मी मुलींना गृहपाठ विचारत असे.

आणि खरं सांगायचं तर तो सूर माझाही नव्हता. तो पिंटो टीचरचा होता. मी लहान असताना आमच्या शाळेत गोव्याहून आलेल्या पिंटो टीचर होत्या; फुलाफुलांचा झगा, हातात छत्री, आणि त्यांच्यासारखं बोलता यावं म्हणून मी न्हाणीघरात दार लावून सराव करायची. आयुष्यभर मी ज्याला शुद्ध इंग्रजी म्हणत आले, ते गोव्यातल्या एका बाईंचं बोलणं होतं. ढवळ्यांनी निदान आपल्या साहेबांचा आवाज पहिल्याच झटक्यात ओळखला होता. मला ओळखायला विलायतेतल्या बाईचा शेरा लागला.

ढवळे नोकरीत घेतले गेले आणि रागावलेल्या गिऱ्हाइकांसाठी प्रसिद्ध झाले. आरडाओरडा करणारा माणूस आला की मुलं फोन त्यांच्याकडे वळवायची. ते फक्त 'नाऊ देन' म्हणायचे आणि पलीकडचा माणूस शहाण्या मुलासारखा यंत्राचा नंबर सांगायला लागायचा.

माझी नोकरी गेली ती अलीकडे. गेली म्हणजे संपली. कंपनीने एक सॉफ्टवेअर आणलं. आपला मुलगा हवं तसं बोलतो आणि पलीकडे ते विलायती उच्चारांत ऐकू येतं, त्याच क्षणी, त्याच्याच आवाजात. मृणालने मोठ्या संकोचाने मला ते दाखवलं. मी माईकसमोर बसून माझं सर्वांत स्वच्छ इंग्रजी बोलले. यंत्राने तेही दुरुस्त केलं. तेव्हा मला हसूच आलं आणि मी निरोप घेतला. वाईट वाटलं का, तर वाटलं. आरसे अजून माझ्याकडे आहेत, डबाभर. दात-चंबू करणारी ती पोरं आठवतात आणि दुपारी गाडीची वेळ झाली की मी उगाच दारात येते.

गेल्या हिवाळ्यात ढवळ्यांचा फोन आला. वर्गीस साहेब मुलीकडे दिल्लीला निघाले होते आणि त्यांची गाडी नागपूरवरून जाणार होती. "तुमी पण चला ना जी," ढवळे म्हणाले. "साहेबाले तुमाले पाहाचं आहे."

आम्ही स्टेशनवर गेलो. ढवळ्यांनी संत्र्यांची पेटी आणली होती आणि चहावाल्याशी वऱ्हाडीत हुज्जत घालून तीन चहा तयार ठेवले होते. गाडी लागली. डब्याच्या दारात एक काटकुळे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ काठी टेकून उभे होते. फोनवरच्या त्या गडगडाटावरून मी कुणी धिप्पाड माणूस येईल असं समजत होते. ढवळ्यांनी चहा खाली ठेवून सॅल्यूट केला. साहेबांनी काठी डाव्या हातात घेऊन तो स्वीकारला आणि मग त्यांना जवळ ओढलं.

दोघं बोलायला लागले आणि ढवळ्यांचं जुनं इंग्रजी जसंच्या तसं परत आलं. कोळेज, टेबिळ, डबिळ. मी इतकी मेहनत घेऊन काढलेलं सगळं आत कुठेतरी नीट घडी घालून ठेवलेलं होतं. मधेच ते माझ्याकडे वळून इंग्रजीत काही सांगायचे तेव्हा पिंटो टीचर बोलायच्या, आणि परत साहेबांकडे वळले की कोट्टायम.

साहेबांना आता फार कमी ऐकू येत होतं. मी पुढे होऊन, अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं की तुम्ही यांना शिकवलंत म्हणून माझं काम सोपं झालं. माझ्या इतक्या वर्षांतला हा सर्वांत चांगला विद्यार्थी. साहेबांनी कानामागे हात धरला. त्यांना समजलं नाही. मी पुन्हा म्हटलं, आणखी स्वच्छ. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्या उच्चारात घातलं. साहेब हसून मान हलवत राहिले, पण त्यांच्या डोळ्यांवरून कळत होतं की एक शब्दही पोचला नाही. मग त्यांनी ढवळ्यांकडे पाहिलं.

ढवळे त्यांच्या कानाशी वाकले. आवाज चढवला नाही. माझ्या इंग्रजीनंतर त्यांनी साहेबांच्या इंग्रजीत सांगितलं, आणि साहेबांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले.

गाडी हलली. ढवळे डब्यासोबत थोडं चालत गेले आणि पेटी आत नीट ठेवली आहे ना ते विचारून परत आले. चहा निवला होता. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण ते कानाशी काय बोलले ते मी ऐकलं होतं. त्यांनी साहेबांना सांगितलं होतं, मॅडम म्हणतात, तब्येत सांभाळा आणि उतरताना काठी विसरू नका. स्वतःच्या कौतुकाचा त्यात एक शब्दही नव्हता.

"ढवळे," मी म्हटलं, "मी असं म्हटलं नव्हतं."

ते गेलेल्या गाडीकडे बघत होते. मिशीत थोडं हसले.

"लाइन खराब होती, मॅडम."